मी सरकवलेला मंगळ

त्या दोन वर्षांत आमच्या घरी रविवारी सकाळी लोक खाऊन जात आणि संध्याकाळी आम्ही लोकांकडे खायला जात असू. सकाळी मला बघायला येत, संध्याकाळी दादासाठी मुलगी बघायला आम्ही निघत असू. सहकारनगरमधला आमचा दुसऱ्या मजल्यावरचा तीन खोल्यांचा फ्लॅट. शनिवारी बाबा मंडईतून दोन किलो मटार आणायचे आणि ते आम्ही सगळे, म्हणजे मी आणि आई, टीव्हीसमोर बसून सोलायचो. रविवारी सकाळी सातपासून करंज्या तळायला घेतल्या की वास थेट जिन्यापर्यंत जाई आणि खालच्या मजल्यावरच्या बाई भेटल्या की हसून विचारत, ‘‘आज पुन्हा का?’’ तो ‘पुन्हा’ मला अजून ऐकू येतो. सकाळची आई हळू बोलायची, पदर सावरायची, ‘‘घ्या ना अजून एक, घरच्याच आहेत, मेधानेच केल्यात’’ असं धडधडीत खोटं बोलायची. संध्याकाळी हीच बाई दुसऱ्यांच्या सोफ्यावर टेकून बसायची, पोह्यांचा एक घास खाऊन बशी खाली ठेवायची आणि परतताना रिक्षात म्हणायची, ‘‘मुलीच्या आईचा हात फार सढळ आहे तेलाला.’’ एकाच दिवसात माणूस इतका बदलतो हे मी आठवड्याच्या आठवड्याला बघत होते, आणि त्या वेळी मला त्याचं हसूही यायचं. आता येत नाही.

दादा अठ्ठावीस वर्षांचा होता, म्हणजे ऐन उमेदीतला. मी सव्वीसची होते, म्हणजे उशीर झालेली. दोघंही सॉफ्टवेअर कंपन्यांत कामाला, दोघांच्या कंपन्या वेगळ्या, पण काम सारखंच: दोन हजार साल येतंय म्हणून जुने प्रोग्रॅम उघडायचे, सालाचे दोन आकडे असतील तिथे चार करायचे. पुण्यात तेव्हा दर दोन घरांआड एक तरी असा नग होता. दादाच्या माहितीपत्रकावर शिक्षण, नोकरी आणि उंची एवढंच होतं, चौथी ओळ सुचली नाही म्हणून ‘निर्व्यसनी’ लिहिलं होतं. माझ्या कागदावर रंग होता, चष्म्याचा नंबर होता, ‘गृहकृत्यदक्ष’ होतं, ‘नोकरी सोडण्याची तयारी’ होती. ती तयारी मी कधी दाखवली, हे मी बाबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘अगं, लिहायची पद्धत असते.’’

पद्धती पुष्कळ होत्या. बघून गेलेले लोक ‘कळवतो’ म्हणत आणि कधीच कळवत नसत. फोन मुलीकडच्यांनी करायचा. बाबा गुरुवारपर्यंत वाट बघायचे, मग कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढून घालायचे, बटणं गळ्यापर्यंत लावायचे आणि मग फोन फिरवायचे. फोनवर कोणाला शर्ट दिसतो? पण मुलीचा बाप म्हणून बोलताना त्यांना शर्ट लागायचा. पलीकडून एकच वाक्य यायचं, ‘‘मुलगी छानच आहे हो तुमची, पण पत्रिका जुळत नाही.’’ बाबा ‘‘बरं, बरं, असू दे’’ म्हणत रिसीव्हर ठेवायचे. आणि मुलींचे वडील दादासाठी फोन करत, तेव्हा हेच बाबा बनियनवर, पाय टीपॉयवर टाकून, तेच वाक्य पलीकडच्याला ऐकवायचे. त्या वाक्याचा अर्थ पुण्यात सगळ्यांना माहीत होता. मुलगी काळी आहे, बुटकी आहे, मुलापेक्षा जास्त मिळवते, फार बोलते, यातलं जे काय असेल ते पत्रिकेवर ढकलायचं. ग्रहांना काही राग येत नाही आणि कोणाच्या तोंडाला वाईटपणा येत नाही, असा तो सभ्यपणा होता. सभ्यपणाची मला तेव्हापासून जरा भीतीच वाटते.

माझ्यासारखीला तो पडताळून बघण्याची सोय होती, हे मात्र त्या सभ्य लोकांना ठाऊक नव्हतं. दादाने घरी कॉम्प्युटर घेतला होता आणि त्याच्या कुठल्याशा मित्राने फ्लॉपीवर पत्रिकेचा प्रोग्रॅम आणून दिला होता. नाव, जन्मतारीख, वेळ, गाव टाकायचं, की कुंडली मांडून मिळायची. दोघांची टाकली की छत्तीसपैकी गुण. प्रिंटर जुना, सुयांचा, कागदाच्या कडेला भोकं असलेला, एक पान छापायला चार मिनिटं कर्र कर्र करत बसायचा. सोसायटीतल्या बायका आईकडे चिठ्ठीवर जन्मवेळा लिहून पाठवायच्या आणि मी ऑफिसातून आले की चहाच्या आधी त्यांच्या पोरांचे ग्रह छापत बसायचे. हाताने मांडलेली पत्रिका आणि कॉम्प्युटरची पत्रिका यात लोक कॉम्प्युटरला मानत. यंत्राला पोटात काही ठेवता येत नाही अशी सगळ्यांची समजूत होती. एका शनिवारी मला नकार दिलेली अकरा स्थळं मी ओळीने टाकून बघितली. अकरांपैकी नऊ पत्रिका जुळत होत्या. दोन तर इतक्या उत्तम, की माझ्या जागी दुसरी कोणी असती तर नवस फेडायला निघाली असती. मी ते नऊ कागद आईपुढे नेऊन ठेवले. तिने वरच्यावर बघितलं आणि म्हणाली, ‘‘आता हे कशाला उकरतेस? त्यांनी निदान तोंडावर तर काही म्हटलं नाही ना!’’

मग दादाच्या कंपनीत वर्षा आली. यवतमाळच्या बाजूच्या एका गावातली, तिथल्या शाळेत तिचे वडील हेडमास्तर. अमरावतीला इंजिनिअर झालेली, आणि विश्रांतवाडीला एका बाईंच्या घरी आणखी दोघींबरोबर खोली घेऊन राहणारी. दादाच तिच्या मागे होता, हे मी लिहून ठेवते, कारण नंतर घरात ते सगळे विसरले. त्यानेच कॅन्टीनमध्ये ओळख काढली, त्यानेच चौकशी केली, आणि जात तीच निघाली तेव्हा आईने सुस्कारा टाकला. दादा म्हणाला, लगेच बोलणी नकोत, आम्हाला आधी एकमेकांना ओळखून घ्यायचंय. त्यावर आई काय म्हणाली असेल? ‘‘बरोबर आहे. आजकालच्या मुलांना असं हुरळून लग्न नको असतं.’’ मग दर रविवारी मोटरसायकलवरून खडकवासला. कणीस, भजी, पाण्याकडे बघत बसणं. संध्याकाळचं लोकांकडे खायला जाणं बंद झालं. माझ्या नवव्या स्थळाने, पुन्हा एकदा बाहेर कॉफी प्यायला भेटू का, असं मला विचारलं होतं तेव्हा हीच आई म्हणाली होती, ‘‘गच्चीवर बोललात ना वीस मिनिटं? नाव खराब व्हायला तेवढी पुरतात.’’

वर्षा एकदा आमच्याकडे जेवायला आली. तोंड उघडून हसायची. स्वतःहून पोळी मागून घ्यायची. पहिल्याच घासाला तिने आईला विचारलं, ‘‘काकू, तुमच्याकडे वरणात गूळ काहून टाकतात?’’ आईने माझ्याकडे बघितलं. बाबा वर्तमानपत्राआड गेले. मला मात्र ती फार आवडली. जेवणानंतर भांडी विसळताना ती मला म्हणाली, ‘‘ताई, आमच्या घरमालकीणबाईंनी मला गाडीवर बसताना पाहिलं. म्हणे, लग्न कधी? ठरलं नसेल तर खोली सोड, माझ्या घरी बाकीच्या पोरी आहेत. मी सांगून टाकलं, ठरूनच राहिलं म्हणून. ठरूनच राहिलंय ना, ताई?’’ मी म्हटलं, ‘‘हो गं, ठरल्यातच जमा आहे.’’ त्याच गाडीवर पुढे बसणाऱ्या माणसाला मात्र कोणी कुठलीच खोली सोडायला सांगत नव्हतं. त्याच्या मित्रांत त्याचा भाव वाढला होता. ती गेल्यावर मी दोघांच्या पत्रिका टाकल्या. सत्तावीस गुण. कागद छापून मी दादाच्या टेबलावर ठेवला, त्याने त्यावर चहाचा कप ठेवला.

पावसाळा संपता संपता त्याच्या कंपनीने त्याला अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. आठ दिवसांत आमच्या घराची हवा पालटली. पूर्वी ज्यांनी आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं ते मुलींचे बाप आता आपणहून फोन करू लागले. एका डॉक्टरांची मुलगी, एका बिल्डरची मुलगी. दादाने वर्षाला काय सांगितलं? काही नाही. ऑफिसातली जागा बदलून घेतली, खडकवासल्याला जाणं थांबवलं, तिचा फोन आला की हाताने ‘नाही म्हणून सांग’ अशी खूण करायचा. आईने बाबांना सांगितलं, बाबांनी वर्षाच्या वडिलांच्या गावी, त्यांच्या शेजारच्या दुकानात फोन केला, त्यांना बोलावून घेतलं आणि म्हणाले, ‘‘मुलगी छानच आहे हो तुमची, पण पत्रिका जुळत नाही.’’ बनियनवर होते. मी पलीकडच्या खोलीत केस विंचरत होते, मी उठले नाही.

आता चूक कुठे झाली ते सांगते. पुण्यातला बाप असता तर समजून गेला असता, ‘‘बरं, असू दे’’ म्हणून मोकळा झाला असता. हेडमास्तर पुण्यातले नव्हते. पत्रिका जुळत नाही म्हणजे पत्रिका जुळत नाही, असा सरळ अर्थ त्यांनी घेतला, आणि त्यात काही दुरुस्ती होते का ते बघायला रात्रभर एस.टी.त बसून चौथ्या दिवशी सकाळी साडेआठला आमच्या दारात उभे राहिले. पांढरा शर्ट, खांद्याला शबनम, हातात संत्रा बर्फीचा डबा. बाबांची धांदल उडाली. दादा आतल्या खोलीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

‘‘साहेब, मी तुमाले तरास द्याले नाही आलो,’’ ते खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले. ‘‘आमच्या जोशीबुवांनी तं सत्तावीस गुण काढले. म्हनलं, कुठी चूक झाली असन तं दोघं मिळून पाहून घेऊ. जोशीबुवा आमचे म्हातारे झाले, हातानं मांडतात. तुमच्याकडं कंप्युटरवर पाहतात म्हने. कंप्युटर कायले चुकन?’’

बाबा ‘‘हो, म्हणजे, बघू ना’’ म्हणत आमच्याकडे बघू लागले. आईने मला स्वयंपाकघरात ओढलं. गॅसवर चहा उकळत होता. ती म्हणाली, ‘‘काढ काहीतरी त्या यंत्रातून.’’

‘‘काय काढू? सत्तावीसच आहेत.’’

‘‘मग दुसरं काढ. तुला येतं ते.’’

‘‘दादाला सांग ना बाहेर येऊन बोलायला. नको असेल तर नको म्हणू दे त्याला.’’

‘‘तो कशाला बोलेल? हा माणूस इथे रडारड करेल, जिन्यात उभा राहील, सगळ्या सोसायटीला कळेल, पोरीला आठ महिने फिरवलं आणि सोडलं म्हणून. तुझे लोक रविवारी परत येणारेत, विसरलीस?’’

मी विसरले नव्हते. माझं बारावं स्थळ होतं ते. चिंचवडच्या कारखान्यात इंजिनिअर होता आणि बारांपैकी त्या एकट्याने मला विचारलं होतं की ऑफिसात मी नक्की काय काम करते. ते लोक दुसऱ्यांदा येणार होते. मला ते स्थळ हवं होतं. आईने मला धाक घातला, हे खरं, पण मी सव्वीस वर्षांची होते, माझे हात कोणी धरले नव्हते. एवढी वर्षं मी आईवर, बाबांवर, दादावर संतापत आले आणि त्या संतापात ही एक गोष्ट सोयीस्करपणे मागे टाकत आले, ती आज इथे लिहिते. मी कॉम्प्युटरपुढे बसले. वर्षाची जन्मवेळ पहाटे चार वाजून वीस मिनिटं होती. एक तास पुढे नेली, काही फरक पडला नाही. सहा वीस केली तशी मंगळ एक घर सरकला, नवव्यातून आठव्यात. आठव्यातला मंगळ म्हणजे कडक, थेट नवऱ्याच्या जिवावर. प्रिंटर कर्र कर्र करू लागला. हेडमास्तर त्याच्याकडे कौतुकाने बघत होते.

त्यांनी कागद दोन्ही हातांत घेतला. चष्मा काढून पुसला, परत लावला. गुणांची ओळ वाचली, मान हलवली. मग खालची ओळ वाचली आणि बराच वेळ तिथेच थांबले. वर कोपऱ्यात जन्मवेळ होती, पण रिबन झिजलेली, अक्षर पुसट, आणि त्या खालच्या ओळीनंतर वरचं कोण बघतो?

‘‘आठव्यात मंगळ,’’ ते म्हणाले. ‘‘आमाले तं ठाऊकच नव्हतं, साहेब. चोवीस वर्सं झाली, कोनी सांगतलं नाही.’’

बाबा खिडकीबाहेर बघत होते.

हेडमास्तर माझ्याकडे वळले. ‘‘बाई, लय उपकार झाले. वेळेवर समजलं. आमच्या पोरीपायी तुमच्या भावाच्या जिवाले काही झालं असतं, तं मी कुठी तोंड दाखवलं असतं?’’ असं म्हणून त्यांनी मला हात जोडले. मला. मी ते हात बघितले, त्यांच्या नखांत खडूची भुकटी होती, आणि मी ‘‘असू दे’’ म्हणाले. बाबांचाच शब्द. त्यांनी चहा घेतला, कागदाची नीट घडी करून शबनममध्ये ठेवली आणि बर्फीचा डबा टीपॉयवर ठेवून निघून गेले. दादाने दार उघडलं. ‘‘गेले का?’’ दुपारी आईने जेवणानंतर त्या बर्फीच्या वड्या वाटल्या. आम्ही चौघांनी खाल्ल्या. मी सुद्धा.

साडेतीन महिन्यांनी वर्षा माझ्या ऑफिसात आली. माझं बारावं स्थळ तोपर्यंत ठरलं होतं, महिन्याभरावर साखरपुडा होता. खाली रिसेप्शनवरून निरोप आला म्हणून उतरले तर ती उभी, हातात तोच कागद, घड्यांवर फाटत आलेला. ती बसली नाही. म्हणाली, ‘‘ताई, माझी वेळ पहाटे चार वीसची. यावर सहा वीस आहे. मी तोच प्रोग्रॅम मिळवला आणि टाकून पाहिलं. कोणी केलं हे?’’

मी म्हटलं, ‘‘मी.’’

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, ‘‘बाबा आता प्रत्येक स्थळाला आपणहून सांगतात, पोरगी मंगळी आहे म्हणून. लपवायचं नाही म्हणतात, कोणाच्या जिवाशी खेळ नको. तीन ठिकाणांहून नकार आले. आता वर्ध्याचा एक माणूस पाहिलाय. त्याला मंगळीच पाहिजे. बेचाळीस वर्षांचा आहे, पहिली बायको वारली. बाबांनी शब्द दिला. मी सांगितलं कागद खोटा आहे, तर म्हणतात, छापलेलं खोटं कसं असेल, तुलेच हे लगीन नको म्हनून बोलून राहिली. तुम्ही लिहून द्या.’’

मी तिथेच रिसेप्शनच्या टेबलावर लिहून दिलं. वर्षाची जन्मवेळ मी जाणूनबुजून बदलली. तिला मंगळ नाही. पत्रिका उत्तम जुळत होती, माझ्या भावाला अमेरिकेला जायचं म्हणून मुलगी नको झाली होती. खाली सही, पूर्ण नाव. त्या संध्याकाळी घरी सांगितलं तर आई म्हणाली, ‘‘तुझ्या सासरी हे कळलं म्हणजे?’’ दहा दिवसांनी हेडमास्तरांचं पत्र आलं. मला नाही, बाबांना. सुवाच्य अक्षर, वर श्री. ‘आपल्या कन्येचे पत्र मिळाले. मैत्रिणीच्या प्रेमापोटी तिने स्वतःवर खोटा आळ घेतला, हे मी समजू शकतो. मुलींचे वयच तसे असते. आपण तिला रागावू नये.’ बाबांनी ते मोठ्याने वाचलं. आई म्हणाली, ‘‘बघा, किती समजूतदार माणूस.’’

यंत्राने छापलेलं खोटं खरं होतं, कारण ते मुलाच्या घरून आलं होतं. एका पोरीने सांगितलेलं आणि दुसरीने सही करून लिहिलेलं खरं मात्र खोटं, कारण त्या पोरी होत्या. त्या क्षणी माझ्या डोक्यात जे काही फुटलं ते आजवर सांधलेलं नाही. मी फोन उचलला, त्या शेजारच्या दुकानाचा नंबर फिरवला, हेडमास्तरांना बोलवा म्हणून सांगितलं आणि रिसीव्हर दादाच्या हातात दिला. तो पुढच्याच आठवड्यात निघणार होता, बॅगा अर्ध्या भरलेल्या.

‘‘बोल,’’ मी म्हटलं. ‘‘एवढंच सांग, मला नको होती. तू सांगितलंस तर ते मानतील.’’

‘‘मी काय बोलू?’’ दादा म्हणाला. ‘‘मी कुठे काय म्हणालो होतो? फोन बाबांनी केला. पत्रिका तू काढलीस. मी एक शब्द तरी बोललो का कोणाला?’’

खरं होतं. तो एक शब्दही बोलला नव्हता. त्याला बोलावंच लागलं नव्हतं. त्याचं ‘हो’ त्याने स्वतः मोटरसायकलवरून आठ महिने सांगितलं, आणि ‘नाही’ सांगायला घरात तीन माणसं ठेवली होती. रिसीव्हरमधून लांबून आवाज आला, ‘‘हालो. कोन बोलून राह्यलं जी?’’ दादाने रिसीव्हर खाली ठेवला आणि आईला विचारलं, ‘‘चहा झाला का गं?’’

बाराव्याला मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘तू असं करायला नको होतंस.’’ मी विचारलं, ‘‘काय नको होतं? कागद की पत्र?’’ तो म्हणाला, ‘‘पत्र. घरातली गोष्ट घरात राहायला हवी होती.’’ मी माझ्या चहाचे पैसे ठेवले आणि उठले. मी लग्न चौतिसाव्या वर्षी केलं, एकही करंजी न तळता, त्याचं इथे काही काम नाही. वर्षाने वर्ध्याच्या माणसाला नकार दिला. वडिलांचा शब्द मोडला म्हणून ते तिच्याशी बोलेनासे झाले, ते अखेरपर्यंत. त्यांच्या अंत्यविधीला ती गेली तेव्हा तिच्या काकूंनी तिला बाजूला बसवलं, मंगळी म्हणून. हे तिने मला सांगितलं तेव्हा ती हसत होती. मी हसू शकले नाही. ती आता पुण्यातच असते, एकटी, मोठ्या पदावरून मुदतीआधीच निवृत्त झाली, आमची महिन्यातून एकदा भेट होते. तिने मला क्षमा केली का, हे मी कधी विचारलं नाही आणि तिनेही कधी सांगितलं नाही.

दादा अमेरिकेतून पहिल्या डिसेंबरात पंधरा दिवसांसाठी आला, सतरा मुली बघितल्या आणि बाराव्या दिवशी लग्न केलं. त्याला कोणी काही विचारलं नाही. सुखात आहे. गेल्या वर्षी एका सकाळी त्याचा फोन आला, आणि आवाज ओळखू येईना. त्याची मुलगी तिथल्याच एका मुलाबरोबर चार वर्षं फिरत होती. घर बघत होते दोघं. आणि त्या मुलाने एकाएकी फोन उचलणं बंद केलं, निरोपांना उत्तर देईना, कुठे राहायला गेला तेही कळेना. पोरगी खोलीबाहेर येत नाही, जेवत नाही, म्हणाला. लोकांना वाटेल नियतीने फेडलं. काय फेडलं? ह्या वेळीही दार लावून रडत होती ती एक मुलगीच, आणि तो मुलगा कुठेतरी मजेत असणार. माझी भाची आहे ती, मला तिचं वाईटच वाटलं.

पण दादा पुढे म्हणाला, ‘‘मेधा, नको असेल तर नको, समजू शकतो मी. पण समोर येऊन एकदा नाही म्हणायला काय होतं गं त्याला? एवढीसुद्धा माणुसकी नाही?’’ आणि तो रडू लागला, पन्नाशी ओलांडलेला माणूस, हुंदके देऊन. त्याला खरंच काही आठवत नव्हतं. तो मला टोचत नव्हता की कबुली देत नव्हता, त्याला फक्त आपल्या मुलीचं दुःख झालं होतं, आणि जगात पहिल्यांदाच कोणीतरी असं वागलंय असं त्याला मनापासून वाटत होतं.

मी त्याला रडू दिलं. मग म्हटलं, ‘‘दादा, वर्षाचा नंबर लिहून घे. हे तिला सांग.’’

पलीकडे त्याने नाक पुसल्याचा आवाज आला. मग त्याने विचारलं, ‘‘कोण वर्षा?’’